यादवीतही निवडणूक टळली नाही

महोदय,

युद्धकाळात निवडणूक लांबणीवर टाकण्यात गैर काही नाही, असा सूर वरचेवर ऐकू येतो, म्हणून अमेरिकेतील १८६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीची आठवण करून द्यावीशी वाटते. यादवी युद्धाचे चौथे वर्ष चालू होते आणि ही निवडणूक आपण हरणार, असे खुद्द अध्यक्ष लिंकन यांनाच वाटू लागले होते. २३ ऑगस्टला त्यांनी एक टिपण लिहून त्याची घडी घातली आणि मजकूर न दाखवता मंत्र्यांच्या सह्या कागदाच्या पाठीवर घेतल्या. पराभव झाल्यास नव्या अध्यक्षांशी सहकार्य करून संघराज्य वाचवणे हे आपले कर्तव्य ठरेल, असे त्यात होते. त्या घडी घातलेल्या कागदाचे मोल मला फार वाटते. सप्टेंबरात बंडखोर दक्षिणी राज्यांचे अटलांटा शहर लिंकन यांच्या फौजांनी घेतले, वारे फिरले आणि नोव्हेंबरात प्रतिस्पर्धी उमेदवार मॅक्लेलन यांच्या २१ विरुद्ध २१२ निर्वाचक मतांनी (राज्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांनी) लिंकन विजयी झाले. बंडखोर राज्यांची मते त्यात धरली गेली नाहीत, स्त्रियांना आणि बहुसंख्य कृष्णवर्णीयांना मताधिकारच नव्हता, हे न्यून मोठेच आहे. तरीही अनेक राज्यांच्या सैनिकांनी छावणीतूनच मत दिले, आणि तशी सोय नसलेल्या राज्यांतील पुष्कळांना मतदानासाठी रजा देऊन घरी पाठवण्यात आले.

– एक वाचक, पुणे