कॅनडातील अल्पमताची सरकारे

महोदय,

नौपाड्यातील आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर कॅनडाचा विषय वारंवार निघतो, कारण अनेकांची मुले तेथे स्थायिक आहेत. आणि स्पष्ट बहुमताशिवाय ठोस राष्ट्रीय निर्णय होत नाहीत, असे मत तेव्हा हमखास मांडले जाते. मला ते मान्य नाही. १९६३ ते १९६८ या काळात पंतप्रधान असलेल्या लेस्टर पीअरसन यांना एकदाही बहुमत मिळाले नाही, तरीही मेपलच्या पानाचा राष्ट्रध्वज, कॅनडा पेन्शन योजना आणि सार्वत्रिक वैद्यकीय विम्याचा १९६६ चा कायदा हे निर्णय त्यांनी इतर पक्षांचा पाठिंबा मिळवून घेतले. याउलट, बहुमत असल्यासारखाच कारभार करू पाहणाऱ्या पंतप्रधान जो क्लार्क यांचे अल्पमतातील सरकार १९७९ मध्ये सात महिन्यांच्या आतच अर्थसंकल्पावर पडले.

२०२२ मध्ये अल्पमतात सत्तेवर असलेला लिबरल पक्ष व त्याला बाहेरून पाठिंबा देणारा न्यू डेमोक्रॅटिक पक्ष यांनी पाठिंब्याच्या अटी लेखी जाहीर केल्या, आणि त्यांतूनच दंतचिकित्सेची राष्ट्रीय योजना आली. हा करार मुदतीपूर्वी मोडला, हे खरे. पण कोणी कशासाठी पाठिंबा दिला, हे मतदारांना ठाऊक होते. आपल्याकडील आघाड्यांनीही आपले करार असेच लेखी स्वरूपात जनतेपुढे ठेवावेत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे