हाताशी किती राहील?

चि. राजास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू "आई, तुला यातलं कळत नाही" म्हणालास, मीही तोडून बोलले, त्याला आज तिसरा दिवस. ताई म्हणते, तूच फोन कर. पण फोनवर पुन्हा तेच होईल, म्हणून लिहायला बसले. पुढच्या आठवड्यात घराच्या कर्जावर सही आहे ना? त्याआधी हे तुला मिळावं.

तू पाठवलेले दोन्ही कर्जांचे कागद ताईकडून मोठ्या अक्षरांत छापून घेतले. एक तुला हवं असलेलं कॅशबॅकचं, म्हणजे कर्ज घेताना थोडी रोख परत देणारं, आणि दुसरं ऑफसेटचं. ऑफसेट म्हणजे काय ते आता मला नीट समजलंय. बचत खातं कर्जाला जोडायचं. कर्ज 100 आणि बचत 10 असेल, तर व्याज 90 वरच. बचतीवर वेगळं व्याज नाही, पण पैसा आपलाच राहतो, लागेल तेव्हा काढता येतो. व्याज रोजच्या शिलकीवर धरतात, त्यामुळे पगार खात्यात जितके दिवस पडून असेल तितके दिवस तोही तुझं व्याज कमी करतो. "काढता येतो" या शब्दांखाली मी पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली आणि तिथेच ठरवून टाकलं की तू हेच घ्यावंस.

का, ते तुला ठाऊक आहे. तू सातवीत होतास. जादा मिळालेली प्रत्येक रक्कम आम्ही घराच्या कर्जात भरत होतो, कारण कर्ज 4 वर्षं आधी फिटणार होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता. मग बाबांच्या मणक्याचं निघालं. मी पासबुकं घेऊन गेले आणि म्हटलं, आम्ही आगाऊ भरलंय त्यातलं थोडं परत द्या. खिडकीतले गृहस्थ चांगले होते, पण म्हणाले, भरलेलं मुद्दल परत मिळत नाही, हवं तर नवीन कर्जाचा अर्ज करा. बाबा बिनपगारी रजेवर, अर्जावर उत्पन्न काय लिहिणार? त्या आठवड्यात शिवणयंत्र गेलं. खिडकीखालच्या फरशीवर त्याच्या चार पायांचे डाग अजून आहेत, मी कितीही घासले तरी जात नाहीत. घराचं कर्ज आम्ही झपाट्याने फेडत होतो आणि हातात मात्र औषधापुरते पैसे नव्हते.

तर हे मनात ठेवून, तुला चूक ठरवायचं म्हणूनच, मी हिशेब मांडला. मुद्दल दरवर्षी थोडं फिटतं ते सोडून दिलं. तुझी बचत कर्जाच्या दहाव्या हिश्शाएवढी. कॅशबॅकवाल्याचा दर 5 टक्के, ऑफसेटचा 5.4. ऑफसेटमध्ये 90 वर वर्षाचं व्याज 4.86. कॅशबॅकमध्ये पूर्ण 100 वर 5, पण तीच 10 ची बचत वेगळ्या खात्यात ठेवलीस आणि कर जाऊन 3 टक्के धरले, तर 0.30 परत येतात, म्हणजे 4.70. शिवाय सुरुवातीलाच कर्जाच्या 1 टक्का रोख. पाच वर्षांत कॅशबॅक 1.80 ने पुढे. मी तीनदा केलं. बचत कर्जाच्या चौथ्या हिश्शापर्यंत असती, तर पाच वर्षांत दोन्ही बरोबरीत आले असते. तेवढी तुझ्याकडे नाही.

म्हणजे तुझं बरोबर होतं. नवव्या वर्षी तू नानांच्या वहीतली हातच्याची चूक काढलीस आणि नाना आठवडाभर येईल त्याला सांगत होते, ते आठवलं. माझं ऊर तेव्हा भरून आलं होतं तसंच काल रात्री आलं. हे फोनवर मला म्हणता आलं नसतं.

पण एक बघ. कॅशबॅकची तुलना तू नुसती ऑफसेटशी केलीस. त्याच ठिकाणी कॅशबॅक नसलेलं साधं कर्ज कितीला मिळतंय ते विचारलंस का? ते 0.2 टक्क्यांनी जरी स्वस्त असलं, तरी तुला मिळालेला 1 टक्का पाच वर्षांत फिटंफाट होतो. त्यापुढे दर तसाच राहिला तर दरवर्षी तू जादा भरतोस. मुदत 25 वर्षांची आहे. आणि कागदावर अट आहे की ठराविक वर्षांच्या आत कर्ज बंद केलं किंवा दुसरीकडे नेलं, तर ती रोख रक्कम परत करायची. सहा वर्षांत तू चार घरं बदललीस, राजा. नोकरीने पुन्हा हलवलं तर? विकायचं झालंच, तर तेव्हा परत द्यायला हाताशी असेल का?

बघ, शाळाच घ्यायला लागले. रागावू नकोस. तुम्ही दोघं माझ्याहून जास्त शिकलेले आहात, घर तुमचं आहे, आणि सूनबाईंनी ते किती हौसेने पाहिलंय हे मला माहीत आहे. सोफ्याचे फोटो ताईने दाखवले. छान आहेत.

तरीही विचारते, कॅशबॅकचे पैसे सोफ्यात जाणार आहेत का? आणि सुरुवातीची रक्कम भरून, वकिलाची फी, सामान हलवणं हे सगळं झाल्यावर तो दहावा हिस्सा खरंच शिल्लक राहणार आहे का? माझा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. ऑफसेट असतं तर बचत खर्चली की पुढच्या महिन्याच्या व्याजात लगेच दिसलं असतं. वेगळ्या खात्यात ती कधी संपते ते कळतसुद्धा नाही. कॅशबॅक घे, माझं काही म्हणणं नाही. फक्त सहा महिन्यांचे हप्ते निघतील एवढं बाजूला ठेव, त्यातून जादा हप्तासुद्धा भरू नकोस. मी तीच चूक केली होती.

बाबा आता सकाळी जिन्यापर्यंत चालतात. त्यांनी हे पत्र वाचलं आणि म्हणाले, "त्याला सही करू दे." मीही तेच म्हणते. सही झाल्यावर फोन कर. घराचं सगळं सांग, आणि हाताशी किती राहिलं तो आकडाही सांग.

तुझी,
आई

ता. क. अटीचं ते चौथं पान पुन्हा बघ. छपाई पुसट आहे. मला 3 वर्षं दिसतात, ताईला 5.