मु-७ यांस

सप्रेम नमस्कार.

या नावानं हाक मारलेली तुम्हाला आवडणार नाही, पण दुसरं लिहायची मला मुभा नाही. संमतीपत्रावर सही करण्याआधी तुम्ही माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं: नाव नाही, कंपनी नाही, हुद्दा नाही. त्यामुळे प्रबंधात तुम्ही 'मु-७' आहात, म्हणजे मुलाखत क्रमांक सात. ऋणनिर्देशाच्या दोन पानांत गाइड आले, ग्रंथालय आलं, घरचे आले, डेटाबेसचा पासवर्ड मिळवून देणारी मैत्रीणसुद्धा आली. ज्यांच्यामुळे अख्खं चौथं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, ते तुम्ही मात्र परिशिष्टातल्या तक्त्यात एका ओळीपुरते: 'लेखा विभागातील दीर्घ अनुभव. भेटी चार. ध्वनिमुद्रण नाही.' म्हणून हे पत्र उघड्यावर लिहिते आहे. तुम्ही वाचलंत तर ओळखाल, इतरांनी ओळखायचं कारण नाही.

पहिल्या भेटीला मी आले ती निष्कर्ष पिशवीत घालूनच. माझा प्रश्न असा होता: नवे शेअर विक्रीला काढण्याआधी कंपन्या नफा फुगवून दाखवतात का? प्रश्न काही माझा नव्हे. अमेरिकी कंपन्यांबद्दल टिओ, वेल्च आणि वाँग यांनी १९९८ सालीच त्याला 'हो' म्हटलेलं आहे. मी तो माझ्या सॅम्पलला लावला आणि उत्तर ठळक आलं. टेबलातल्या आकड्यांशेजारी तीन-तीन तारे होते, म्हणजे निकाल निव्वळ योगायोगानं आलेला वाटत नाही याची संख्याशास्त्रातली खूण. तीन तारे आले की आमच्यातलं माणूस दोन दिवस जमिनीवर नसतं. मुलाखती ठेवल्या होत्या त्या गाइडांनी सुचवल्या म्हणून, प्रबंधात थोडा माणसांचा आवाज यावा एवढ्यासाठी.

तुम्ही रेकॉर्डर बंद करायला लावलात, चष्मा लावलात आणि संमतीपत्र अथपासून इतिपर्यंत वाचलंत. ते वाचणारे तुम्ही एकटेच. बाकी सगळ्यांनी 'सही कुठं करू?' एवढंच विचारलं होतं. मग माझं टेबल पुढं ओढलंत आणि म्हणालात, "यातलं 'विवेकाधीन' म्हणजे काय? कोणाचा विवेक?"

मी घोकलेलं सांगितलं. नफा आणि हाती आलेली रोकड कधीच एक नसतात. उधारीवर विकलेला माल यंदाच्या नफ्यात धरला जातो, पैसे पुढच्या वर्षी येतात. घसारा नफ्यातून वजा होतो, तिजोरीतून काही जात नाही. या फरकाला आम्ही अ‍ॅक्रुअल म्हणतो. त्यातला बराचसा धंद्याच्या ओघात येतोच: विक्री वाढली की येणी वाढतात, यंत्रं जास्त असली की घसारा जास्त. जेनिफर जोन्स यांनी १९९१ साली हा ओघातला भाग विक्रीतला बदल आणि स्थिर मालमत्ता यांवरून काढायची रीत मांडली. आयातीपासून सरकारी संरक्षण मागणाऱ्या अमेरिकी कंपन्या चौकशीच्या काळात नफा मुद्दाम कमी दाखवतात का, हे त्या तपासत होत्या. ओघातला भाग वजा केल्यावर जे उरतं ते 'विवेकाधीन', म्हणजे व्यवस्थापनानं मर्जीनं केलेलं. आणि एकदा मर्जी म्हटलं की लबाडी फार लांब राहत नाही. माझ्या प्रकरणाचं नावच मुळी 'नफ्यातील फेरफार' होतं.

"म्हणजे तुम्हाला ज्याचा मेळ लागला नाही, त्याला तुम्ही आमची मर्जी म्हणता," तुम्ही म्हणालात. "आमच्याकडं तेरीज, म्हणजे जमा-नावेच्या बेरजा, जुळली नाही की फरक सस्पेन्स खात्यात टाकतात. पण सस्पेन्स खात्याला कोणी चोर म्हणत नाही. आधी फरक शोधतात."

मला राग आला होता, आज कबूल करते. आयुष्यभर खतावण्या जुळवलेल्या माणसाला रिग्रेशन, म्हणजे काही आकड्यांवरून दुसऱ्याचा अंदाज बांधायची संख्याशास्त्रातली रीत, काय कळणार, असं मनात म्हणतच मी घरी गेले. (हे लिहायला लाज वाटते आहे, पण तुम्ही ते तेव्हाच माझ्या चेहऱ्यावर वाचलं असणार.)

दुसऱ्या भेटीसाठी तुम्ही गृहपाठ दिला होता: यादीतल्या सर्वांत वरच्या पाच कंपन्यांचे वार्षिक अहवाल घेऊन या. शेकडो कंपन्यांवर काम करत असताना मी एकाही कंपनीचा अहवाल सलग वाचलेला नव्हता. आकडे डेटाबेसमधून रांगेनं उतरत, मी ते रांगेनं पुढं पाठवत असे. तुम्ही ताळेबंद उघडलाच नाहीत. थेट मागच्या टिपांवर गेलात. बराच वेळ काही बोलला नाहीत. मग पेन्सिल एका टिपेशी थांबली. माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेल्या, माझ्या लेखी सर्वांत मोठ्या लबाड कंपनीनं त्या वर्षी दुसरी एक कंपनी ताब्यात घेतली होती.

"ही येणी विकून वाढलेली नाहीत," तुम्ही म्हणालात, "विकत घेऊन वाढलेली आहेत."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी अ‍ॅक्रुअल काढले होते ते दोन ताळेबंदांच्या वजाबाकीतून: यंदाची येणी वजा गेल्या वर्षीची, यंदाचा साठा वजा गेल्या वर्षीचा, देण्यांचंही तसंच. एक कंपनी दुसरीला गिळते तेव्हा तिची येणी, साठा, देणी एका दिवसात ताळेबंदात येऊन बसतात. नफातोटा पत्रकाला त्यांचा स्पर्शही झालेला नसतो. माझ्या वजाबाकीला मात्र तो सगळा ऐवज फुगवलेल्या नफ्यासारखा दिसत होता. बरं, नवे शेअर काढून उभा केलेला पैसा कंपन्या कशाला वापरतात? अनेकदा दुसरी कंपनी घ्यायलाच. म्हणजे ज्या गटात मला लबाडी सापडायला हवी होती, त्याच गटात माझी चूक दाटीवाटीनं बसलेली होती. चूक सगळीकडं सारखी सांडली असती तर निकाल नुसता पुसट झाला असता. ही चूक माझ्या बाजूनं साक्ष देत होती.

याहून बोचणारी गोष्ट मी तुम्हाला तेव्हा सांगितली नव्हती. हे सगळं छापून आलेलं होतं. ह्रिबार आणि कॉलिन्स यांनी २००२ साली नेमकं हेच दाखवलं: कंपन्यांचं विलीनीकरण, विकून टाकलेले विभाग, परकीय चलनाच्या रूपांतरातले फरक, यांमुळे ताळेबंदाच्या वजाबाकीनं काढलेले अ‍ॅक्रुअल चुकतात. ते रोकड प्रवाह पत्रकातून घ्यावेत. तो लेख माझ्या दुसऱ्या प्रकरणात आहे. कंसात आडनावं आणि साल, अगदी नियमानुसार. मी त्याचा हवाला दिला होता. वाचला होता असं म्हणवत नाही. तुम्ही तो लेख कधी पाहिलेला नसताना एका टिपेवरून तिथं पोचलात.

तिसऱ्या भेटीत तुम्ही मला 'अगं' म्हणू लागलात, तेव्हा मी जरा सैलावले आणि आमच्या शाखेतल्या गमती सांगत बसले. न्यूझीलंडमधल्या कंपन्यांच्या नफ्याच्या आकड्यांत डावीकडून दुसऱ्या जागी शून्य अपेक्षेपेक्षा जास्त वेळा आणि नऊ कमी वेळा येतो, हे कार्स्लॉ यांनी १९८८ साली दाखवलं. १९९ होत असतील तर थोडं ढकलून २०० करायची हौस, असा त्याचा अर्थ लावतात. पुढच्याच वर्षी थॉमस यांना अमेरिकेतही तेच दिसलं, आणि तोट्याच्या आकड्यांत बरोबर उलटं. तुम्ही हसून म्हणालात, "तोटा १९९ चालेल, २०० नको. याला दोन लेख लागले?"

पण बर्गस्टालर आणि डिचेव्ह यांचा १९९७ सालचा आलेख दाखवला तेव्हा तुम्ही हसला नाहीत. हजारो कंपन्यांचे नफे ओळीनं मांडले की शून्याच्या किंचित डावीकडं, म्हणजे लहानशा तोट्याच्या जागी, खड्डा दिसतो आणि किंचित उजवीकडं उंचवटा. "या खड्ड्यातले सगळे वह्यांतून उडी मारून पलीकडं गेले असं तुला वाटतं?" तुम्ही विचारलंत. मग वर्षाचा शेवटचा महिना कसा असतो ते सांगितलंत. यंत्रांची दुरुस्ती पुढं ढकलायची. प्रशिक्षण रद्द. जाहिरात थांबवायची. सूट देऊन पुढच्या वर्षीचा माल याच वर्षी खपवायचा. "पावत्या सगळ्या खऱ्या. ऑडिटर काय पकडणार? ऑडिटरला कळत नाही, तुझ्या मॉडेलला कळत नाही. यंत्राला कळतं."

हे वाक्य मी प्रबंधात जसंच्या तसं टाकलं आहे. त्याच्या आधारासाठी ग्रॅहम, हार्वी आणि राजगोपाल यांचं २००५ सालचं सर्वेक्षण आहेच. ४०० हून अधिक वित्त अधिकाऱ्यांना विचारल्यावर ८० टक्क्यांनी सांगितलं की नफ्याचं लक्ष्य गाठण्यासाठी संशोधन, जाहिरात, देखभाल असल्या खर्चाला कात्री लावू. निम्म्याहून अधिक जण नवा प्रकल्प लांबवायलाही तयार होते. हे वाचलेलं मला आधीपासून होतं. पण दुरुस्ती लांबवली की पुढं काय होतं, ते यंत्र कसं आवाज करायला लागतं, हे टक्केवारीतून ऐकू आलं नव्हतं. खड्ड्याबद्दलचा तुमचा संशयही अगदीच एकाकी नव्हता: नफ्याला शेअरच्या किमतीनं भागण्यामुळे आणि सॅम्पल निवडण्याच्या पद्धतीमुळेही तो आकार येऊ शकतो, असा आक्षेप डर्ची आणि ईस्टन यांनी २००५ सालीच घेतला आहे.

चौथ्या भेटीबद्दल मी फार लिहिणार नाही. तुम्ही सांगितलेलं तेवढंच, तपशील गाळून. एका मोठ्या ग्राहकानं पैसे थकवले होते. विक्रीवाले म्हणत होते येतील, वसुलीवाले म्हणत होते विसरा. संशयित येण्यांसाठी तरतुदीचा आकडा, म्हणजे बुडतील म्हणून नफ्यातून आधीच वजा करायची रक्कम, संध्याकाळपर्यंत लिहायचा होता. तुम्ही लिहिलात तो वरून परत आला, 'पुन्हा पाहावे' एवढ्याच शेऱ्यासह. तुम्ही पुन्हा पाहिलंत आणि कमी केलात.

"दोन्ही आकडे बरोबर होते," तुम्ही म्हणालात. "म्हणजे दोन्हींची कारणं मी लिहून देऊ शकलो असतो." मी विचारलं, ग्राहकानं पुढं पैसे दिले का? "अर्धे." आणि मग, "हे सापडेल तुझ्या मॉडेलला?"

नाही सापडणार. ती रक्कम कंपनीच्या मानानं लहान होती. हेही लोकांनी तपासून ठेवलं आहे: १९९५ साली तिघा संशोधकांनी अशा पाच पद्धती तोलून पाहिल्या. ज्या कंपन्यांची कामगिरी टोकाची असते तिथं या पद्धती फेरफार नसतानाही 'आहे' म्हणतात. उलट एकूण मालमत्तेच्या १ ते ५ टक्क्यांएवढा, म्हणजे प्रत्यक्षात शक्य वाटेल असा फेरफार पकडताना दुबळ्या ठरतात. त्या संध्याकाळी या दोन्ही गोष्टींची माणसं माझ्यासमोर होती: चोर नसलेली पहिल्या क्रमांकाची कंपनी टिपेत, आणि मॉडेलच्या चाळणीतून निसटलेले तुम्ही खुर्चीत. तुम्ही स्वतःला त्यातून सोडवून घेतलं नाहीत. ते सांगायची तुम्हाला काही गरज नव्हती.

पुढचं थोडक्यात. अ‍ॅक्रुअल रोकड प्रवाह पत्रकातून नव्यानं काढले. निकाल निम्म्याहून खाली आला, तारे गेले. गाइड दोन दिवस गप्प होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले, जुनं टेबलही ठेव, दोन्ही शेजारीशेजारी छाप. चौथ्या प्रकरणाचं नाव बदललं, 'फेरफार' हा शब्द शीर्षकातून गेला. व्हायवाला एका परीक्षकांनी विचारलं, मग तुम्हाला सापडलं काय? मी दोन टेबलांमधला फरक दाखवला. ते फारसे खूश दिसले नाहीत, पण पदवी मिळाली. त्या प्रकरणाचा लेख एका नियतकालिकानं परत पाठवला, परिणाम पुरेसा ठळक नाही म्हणून. दुसऱ्याकडं पाठवला आहे.

क्रमांक आणि नावं जोडणारी यादी मी परवा नियमाप्रमाणे नष्ट केली. तुमच्या पेन्सिलीच्या खुणा असलेली पानंही त्यात गेली, कारण अक्षरावरून माणूस ओळखता येतो. त्यातलं शेवटचं पान फाडायला मात्र मला वेळ लागला.

निघताना तुम्ही विचारलं होतंत, "पहिल्या नंबरवालीचं काय करणार? काढून टाकणार?" तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. काढली नाही. ती आता मधल्या घोळक्यात आहे, शोधावी लागते. पहिल्या क्रमांकावर दुसरीच कंपनी आली आहे. तिचा अहवाल मी सलग वाचला, टिपांसकट, दोनदा. त्यातली चौदावी टीप मला कळलेली नाही. पाचवी भेट प्रबंधात धरली जाणार नाही, त्यामुळे या वेळी संमतीपत्र लागणार नाही.

आपली,
चौथं प्रकरण दोनदा लिहिलेली