जन्माची नोंद आजोळी शोधा

चि. सौ. मीनल हीस,
अनेक आशीर्वाद.

जावईबापूंच्या ग्रीन कार्डाला जन्मदाखला मागितलाय आणि गावच्या ग्रामपंचायतीनं 'नोंद आढळून येत नाही' असं लिहून दिलंय, एवढं फोनवर कळलं. त्यात तिकडचा कोणी एजंट नवीन दाखला काढून देतो म्हणतोय, हे ऐकल्यापासून चैन पडेना, म्हणून सविस्तर लिहितो. वाचून झालं की तुझ्या सासूबाईंना आणि जावईबापूंच्या मामांना फोनवर वाचून दाखव. खरं काम मामांच्याच हातून व्हायचं आहे.

गावच्या ग्रामपंचायतीनं दिलेलं उत्तर बरोबर आहे. त्यांच्या वहीत ही नोंद नसणारच. जन्माची नोंद बापाच्या गावी होत नाही, बाळ ज्या गावच्या हद्दीत जन्मलं तिथे होते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सासूबाई सातव्या महिन्यात माहेरी गेल्या, घरीच बाळंत झाल्या आणि बाळाला घेऊन सव्वा महिन्यानं सासरी आल्या, हे त्यांनीच मला लग्नाच्या बोलणीत सांगितलं होतं. म्हणजे वही त्यांच्या माहेरच्या गावची उघडायला हवी. सासर ओतूरच्या बाजूला, जुन्नर तालुक्यात, जिल्हा पुणे. माहेर घाटापलीकडे ब्राह्मणवाड्याकडे, तालुका अकोले, म्हणजे जिल्हासुद्धा निराळा. पुणे जिल्ह्यात कितीही शोधलं तरी हाती काही लागणार नाही.

मी नोकरीभर ग्रामसेवक होतो, जन्म-मृत्यूचा निबंधक म्हणून त्या वहीवर सही माझी असायची. त्यामुळे मामांनी काय विचारायचं ते नीट सांगतो. सासूबाईंच्या माहेरची वाडी तेव्हा कुठल्या ग्रामपंचायतीत होती, हे आधी ठरवा. आज वाडीला स्वतंत्र ग्रामपंचायत असेल, पण 1983 साली, जावईबापूंच्या जन्मावेळी, ती गट ग्रामपंचायतीत (दोन-चार गावं-वाड्या मिळून एक) असली, तर विभाजनानंतरही जुन्या वह्या बहुधा मूळ गावच्या दप्तरातच राहिलेल्या असतात. नव्या कार्यालयातला पोरगा संगणकात बघून 'नाही' म्हणेल. त्या वेळच्या हस्तलिखित वह्या सगळीकडे संगणकात चढलेल्या नाहीत. 'जुनी जन्म नोंदवही काढा' असंच स्पष्ट म्हणायचं, आणि ती कपाटातून खाली येईपर्यंत तिथून हलायचं नाही.

वही हातात आल्यावर पान कसं वाचायचं तेही मामांना सांग. नोंदी लिहिलेल्या असतात त्या नोंदणीच्या तारखेच्या क्रमानं, जन्मतारखेच्या क्रमानं नव्हे. घरी झालेल्या जन्माची खबर घरच्या माणसानं येऊन द्यायची, आणि पावसात शेताची कामं सोडून कोण लगेच येणार? खबर द्यायला ठरावीक मुदत तेव्हाही होती (आता ती 21 दिवसांची आहे), पण महिना-दोन महिने उशीर सर्रास व्हायचा. कपिलच्या संघानं वर्ल्ड कप जिंकला त्या पावसाळ्यातला जन्म, असं सासूबाई सांगतात. तेव्हा जूनपासून दिवाळीपर्यंतची पानं ओळीनं वाचावीत, आणि तिथे नाही दिसलं तर पुढच्या साली मार्चपर्यंत जावं.

मुलाच्या नावाच्या रकान्यात जावईबापूंचं नाव शोधत बसू नका. खबर बारशाआधी दिलेली असली तर तो रकाना कोराच असतो. माझ्या वहीतली कित्येक पानं अशीच होती: मुलगा, बापाचं नाव, आईचं नाव, खबर देणाऱ्याचा निळा अंगठा, आणि नावाच्या जागी नुसती आडवी रेघ. म्हणून बापाच्या नावावर बोट ठेवून खाली यायचं. आईचं नाव कदाचित माहेरचंच लिहिलेलं असेल, कारण खबर देणारे तिचे वडील असणार आणि त्यांच्या तोंडी लेकीचं तेच नाव. रकान्यात नाव आहे की नाही हे पाहिल्याशिवाय कोणी परत फिरू नये.

नोंद सापडली आणि नाव नसलं, तर नाव दाखल करायची तरतूद आहे. वर्षाच्या आत फी लागत नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. जुन्या नोंदींसाठी राज्य सरकारनं ही मुदत वेळोवेळी वाढवलेली आहे. सध्याची स्थिती तिथल्या ग्रामसेवकांकडून लेखी घ्यावी.

अर्ज साधाच: जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969, कलम 17 प्रमाणे शोध घेऊन उतारा मिळावा. आईवडिलांची नावं, जन्मगाव, अंदाजे काळ, आणि जावईबापूंचं मामांच्या नावे अधिकारपत्र. शोधाची फी किरकोळ असते. अर्जाची पोच तारखेसह घ्यायला मामा विसरतील, तेवढी आठवण तू कर. उताऱ्यावर जिल्हा अहिल्यानगर आला तर घाबरू नकोस, 2024 साली अहमदनगरचं नाव बदललं. अमेरिकेतल्या वकिलाला तेवढं एका ओळीत कळवून ठेव.

आता तारखेचं. शाळेच्या दाखल्यावर आणि पासपोर्टवर 1 जून 1983 आहे ना? गावोगावच्या कित्येक पोरांचा वाढदिवस 1 जूनलाच असतो. जूनमध्ये शाळेत घालताना वय बसावं म्हणून गुरुजी तीच तारीख टाकत. वर्ल्ड कपची फायनल झाली 25 जूनला. त्यामुळे वहीत तारीख पुढची निघेल, असं धरूनच चाला. मीनल, ती तारीख पासपोर्टाला जुळवून घेण्यासाठी कोणी वहीत 'दुरुस्ती' करून देतो म्हणालं, तर साफ नाही म्हणायचं. कलम 15 ची दुरुस्ती चुकलेल्या नोंदीसाठी आहे. खबर देणाऱ्या घरच्या माणसानं सांगितलेली तारीख वहीत बरोबर लिहिली गेली असेल, तर ती चूक नाही. तफावत वकिलापुढे उघड मांडा, सोबत शाळेचा निर्गम उतारा द्या आणि पुढे काय करायचं ते तो सांगेल तसं करा.

एजंटाचं तर नावच काढू नकोस. वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नव्यानं नोंद करायला पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. 2023 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 1 ऑक्टोबर 2023 पासून, जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी तो देतात. अशा उशिराच्या नोंदींची छाननी 2025 पासून राज्यात फार कडक झाली आहे. मूळ नोंद असताना दुसऱ्या गावात दुसरी उभी केली, तर एका माणसाचे दोन जन्म कागदावर येतील, आणि ते निस्तरता निस्तरता जावईबापूंची तिकडची इतकी वर्षं पणाला लागतील. माझ्या मुलीच्या घरात असा कागद येता कामा नये.

आणि खरोखरच नोंद नसली तर? तेही होऊ शकतं. वाळवीनं खाल्लेली पानं मी स्वतः पाहिली आहेत. तेव्हा आजोळच्या ग्रामपंचायतीकडून नमुना 10 मधला अनुपलब्धतेचा दाखला घ्या. तुमच्या हातात आहे तो बापाच्या गावचा कागद चालणार नाही. सोबतच्या प्रतिज्ञापत्रात जन्म अकोले तालुक्यात आणि नोंद नसल्याचा दाखला जुन्नर तालुक्यातला, हे पहिल्या नजरेत खटकेल. प्रतिज्ञापत्रं जन्म प्रत्यक्ष माहीत असलेल्या दोघांची लागतील. सासूबाई एक. दुसऱ्या त्यांच्या थोरल्या वहिनी, ज्या त्या रात्री घरात होत्या. त्यांचं वय झालंय, म्हणून नोंद मिळो न मिळो, त्यांच्याशी आत्ताच बोलून सगळं लिहून घ्या.

मामांनी बुधवारी जावं, ब्राह्मणवाड्याच्या बाजूचे ग्रामसेवक कुठल्या वारी कुठल्या गावात असतात ते आधी फोनवर विचारून. अर्जाचा मसुदा मी माझ्या हातानं लिहून व्हॉट्सॲपवर पाठवतो. जावईबापूंची अधिकारपत्रावरची सही तेवढी या आठवड्यात घे.

तुझी आई बरी आहे. नातवाला पापा.

तुझे,
नाना