पॅटबाई, आईची शिट्टी तुमच्यामुळे राहिली

प्रिय पॅटबाई,

तुम्ही पॅट समिट, अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षक. संघातल्या मुली तुम्हाला सरळ 'पॅट' म्हणायच्या. मला ते जमणार नाही. सांगलीत शिकवणारी बाई म्हणजे बाईच, आणि माझी आई तर तीस वर्षं शाळेत पीटीच्या बाई होती. तुम्ही 2016 च्या जूनमध्ये गेलात. पत्र पोचायचं नाही हे कळतं, तरी लिहितेय.

तुम्ही शिकवत होतात तेव्हा आम्ही टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला, तुमच्याच गावात राहायचो. नवऱ्याची नोकरी ओक रिजच्या प्रयोगशाळेत. 2011 च्या हिवाळ्यात आई आली. थंडीत तिला घरात किती कोंडायचं, म्हणून टेनेसी विद्यापीठाच्या मुलींची मॅच बघायला थॉम्पसन-बोलिंग अरीनात नेलं. आईचं लक्ष खेळापेक्षा बाकड्याकडेच. टाइमआउट झाला, मुली गोळा झाल्या. तुमच्या सहायक हॉली वॉर्लिक भराभर सांगत होत्या आणि तुम्ही शेजारी शांत बसला होतात.

"यातल्या मोठ्या बाई कोण?"

मी बोट दाखवलं.

"मग त्या का गप्प?"

मी सांगितलं. त्याच ऑगस्टमध्ये, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, तुम्ही सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की तुम्हाला अल्झायमर, म्हणजे स्मृती जाण्याचा आजार, झालाय आणि तरीही हा हंगाम तुम्ही करणार आहात. हॉली तुमचीच जुनी खेळाडू. त्यांनी आणि बाकीच्या सहायकांनी मैदानावरची बरीच कामं उचलली होती. आई काही बोलली नाही. पुढचा अर्धा तास ती तुमच्याकडेच बघत होती.

घरी येताना गाडीत मात्र तिनं मला भंडावून सोडलं. मी मला ठाऊक होतं तेवढं सांगत गेले. 1974 साली, बाविसाव्या वर्षी, मुख्य प्रशिक्षकपद अंगावर पडलं. पगार महिना 250 डॉलर. व्हॅन तुम्हीच चालवायची, मुलींचे कपडे तुम्हीच धुवायचे, आणि ते कपडेसुद्धा डोनट विकून जमवलेल्या पैशांतले. आई खो-खोच्या मुलींना घेऊन एसटीनं गावोगाव हिंडलेली, पिशवीत चिवड्याचा डबा आणि अर्धा खर्च स्वतःच्या पगारातून. ती एवढी हसली की नवऱ्यानं आरशातून मागे बघितलं.

1098 विजय, आठ राष्ट्रीय विजेतेपदं, 1997-98 मध्ये 39 पैकी 39 सामने जिंकलेले, हे तिनं ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. (आकड्यांचं कौतुक तिला कधीच नव्हतं. तिच्या ढाली अजून माळ्यावर पडल्यात.) ती अडली दोन गोष्टींपाशी. तुमच्या मुलींनी वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं, आणि चार वर्षं पुरी खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर होऊन बाहेर पडली. दुसरं म्हणजे, तुम्ही राहायचात तिथल्या शाळेत मुलींचा संघ नव्हता म्हणून तुमच्या वडिलांनी बिऱ्हाडच दुसरीकडे हलवलं. "शेतकरी माणूस होता ना?" तिनं दोनदा विचारलं. मुलीला पळायला पाठवा म्हणून आईनं किती बापांच्या दारात चहा प्यायलाय, ते मला माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी आईचंच विसरणं सुरू झालं. निवृत्तीनंतरही ती संध्याकाळी मैदानावर पोरींना शिकवायची. सरावाच्या डावात पहिली तुकडी बाद झाली, तिनं दुसरी आत पाठवली. तीही बाद झाली, आणि तिनं पुन्हा पहिलीचीच नावं पुकारली. तिसऱ्या तुकडीच्या तिघी रेषेबाहेर उभ्या. कुणी हसलं नाही. तिची नजर माहीत होती सगळ्यांना. तुमच्या नजरेबद्दल ऐकलं तेव्हा मला तीच आठवली.

तपासण्या झाल्या, नाव कळलं. नातेवाइकांचं म्हणणं, बाहेर बोलू नका, वयानं होतं म्हणा, मैदान बंद करा. मीही फोनवर हो हो करत होते. खोटं कशाला बोलू, मला लाजच वाटत होती.

आई म्हणाली, "त्या टेनेसीच्या बाईंनी लपवलं होतं का?"

मला बाकीचं काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी तिनं पोरींना आणि त्यांच्या आयांना मैदानावर बसवून सांगितलं. पाच मिनिटं लागली असतील. मग तिची एक जुनी विद्यार्थिनी, आता दोन मुलांची आई, उठून म्हणाली, "बाई, वही आणि घड्याळ माझ्याकडं द्या." आमची हॉली!

2012 च्या एप्रिलमध्ये तुम्ही पद सोडलंत, ते आईला मी तेव्हाच कळवलं होतं. आता हे किती दिवस चालेल, आम्ही मोजत नाही. सध्या ती खांबाजवळ खुर्ची टाकून बसते, मी नॉक्सव्हिलहून आणलेला नारिंगी टी-शर्ट पंजाबी ड्रेसवर चढवून. पोरींची नावं चुकतात, कधी कधी माझंही. पण परवा मी तिथंच उभी होते. पाठलाग करणाऱ्या एकीचा पाय मधल्या पाटीवर पडला. माझ्या तर लक्षातही आलं नव्हतं, आणि शिट्टी वाजली.

पॅटबाई, त्या शिट्टीसाठी तुमचे आभार.

तुमची,
सांगलीच्या पीटीच्या बाईंची मुलगी