विषय : 302 मधून रात्री येणाऱ्या धपधप आवाजाबद्दल

मा. अध्यक्ष काका,

202 वाल्या काकूंनी ग्रुपवर टाकलं की आमच्याकडे रात्री दीड-दोनला कोणीतरी मुसळ आपटून राहिलं, तर काका ते मुसळ नाही, आमचा ससा आहे. नाव टिल्लू. आवाज उन्हाळ्यातही होता, तेव्हा सगळ्यांचे कूलर घरघरत होते म्हणून कोणाला कळला नाही.

तो मस्तीत नाही आपटत. ससा एरवी मुका प्राणी, अगदी जिवावर बेतलं तरच किंचाळतो. धोका वाटला की मागचा पाय जमिनीवर हाणतो, बिळात राहणाऱ्या सशांची रीतच आहे ती, जमीन हादरली की बाकीचे समजतात बाहेर काहीतरी आहे. आता टिल्लूची जमीन म्हणजे आमची टाइल आणि खालचे म्हणजे 202. तो बिचारा काकूंनाच सावध करून राहिला.

सोमवारी मी मुद्दाम जागी राहिले. आधी एक कान डक्टकडे वळला, दुसरा तसाच, दोन्ही वेगवेगळे फिरतात त्याचे. नाक भराभर हलायला लागलं. मग एकदम पुतळा. डोळे बाजूंना असल्याने मान न वळवता मागचंही दिसतं त्याला, नाकासमोरचंच तेवढं दिसत नाही. आणि मग धप! मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं, टॉर्च मारला तर पाइपवर पार्किंगमधला काळा बोका बसलेला. डक्टची जाळी फाटलीय हे मी गुढीपाडव्यालाच सांगितलं होतं.

दुसरं, पोट्टे रात्री 12 ला बर्थडेचे सुतळी बॉम्ब फोडतात. रात्री 10 ते सकाळी 6 बंदी आहे, सुप्रीम कोर्टाची, 2005 पासून. मागच्या वेळी टिल्लू पलंगाखाली जाऊन बसला, सकाळी कोथिंबिरीला तोंड लावलं नाही, लेंड्या बंद. सशाचं पोट थांबलं की एक-दोन दिवसात जीव जाऊ शकतो, ऑफिसला सुट्टी टाकून डॉक्टरकडे पळाले मी.

त्याच्या कोपऱ्यात जाड सतरंजी टाकलीय. जाळी तेवढी बसवून द्या, अर्धे पैसे मी देते.

आणि त्या बोक्याला पार्किंगमध्ये रोज दूध कोण ठेवतं ते मला माहीत आहे, पण 202 चं नाव मी ग्रुपवर घेणार नाही.

आपली,
फ्लॅट 302