पैसा पुरेसा झाल्यावर पुढचं शिकवणाऱ्या अण्णांना

सोलापूर

आदरणीय अण्णा,

सा. न. वि. वि.

हे पत्र घरी आणून देता आलं असतं. पण "आता नोकरीची गरज उरली नाही, मग करू काय?" असं विचारत तुमच्याकडे माणसं येतच असतात आणि तुम्ही प्रत्येकाला पहिल्यापासून, तितक्याच शांतपणे समजावत बसता. म्हणून आभार चारचौघांत मानतोय, आणि तुमच्याकडून जे शिकलो ते इथेच लिहून ठेवतोय.

पहिल्या भेटीत तुम्ही कुणालाच "तुमची आवड काय?" असं विचारत नाही, याचं मोल आम्हाला पुढे कळलं. तुम्ही आधी हिशेब मागता. घरखर्च महिना साठ हजार म्हणजे वर्षाला ७ लाख २० हजार. त्याच्या पंचवीस पट, १ कोटी ८० लाख जमले की लोक राजीनामा लिहायला घेतात. ही पंचवीस पट ज्यातून आली तो आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांचा १९९४ चा अभ्यास अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांवरचा, तोही तीस वर्षांपुरता. पंचेचाळिसाव्या वर्षी थांबणाऱ्याला चाळीस-पन्नास वर्षं काढायची असतात, आणि महागाई आपल्याकडची. म्हणून तुम्ही तेहेतीस पट धरायला लावता, म्हणजे २ कोटी ३७ लाख ६० हजार. राहतं घर, मुलांची शिक्षणं आणि लग्नं त्यात मोजायची नाहीत.

त्यातला दोन वर्षांचा खर्च, १४ लाख ४० हजार, मुदत ठेवीत. सुरुवातीलाच बाजार पडला तर घर चालवायला पडत्या भावात म्युच्युअल फंडाची युनिटं विकावी लागतात, आणि पुढे बाजार कितीही चढला तरी विकलेल्या युनिटांना त्याचा उपयोग नसतो. आरोग्य विमा नोकरीत असतानाच स्वतःच्या नावावर घ्यायचा, कारण कंपनीचं गटविम्याचं कवच नोकरीबरोबर जातं आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आणि आगाऊ कर! पगारातून कापून जायचा म्हणून आयुष्यात कधी भरलेला नसतो. टीडीएस वजा जाता १० हजार किंवा त्याहून जास्त कर निघत असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च या तारखा भिंतीवर लिहायच्या. साठी उलटलेल्याला, धंद्याचं उत्पन्न नसेल तर, यातून सूट आहे.

हे सगळं बँकेतला माणूसही सांगेल. तुमचे खरे उपकार पुढचे आहेत.

दोनशे पानी वही घेऊन आडवे सात दिवस, उभे तीन भाग – सकाळ, दुपार, संध्याकाळ. एकवीस चौकोन. नोकरीनं त्यातले दहा-बारा भरलेले होते, ते एकदम रिकामे झाले. नवीन माणूस घाईनं अठरा चौकोन भरतो: योगासनं, पेटी, जर्मन, ट्रेकिंग, ट्रस्ट. तिसऱ्या महिन्यात यातलं काहीच चालू नसतं. तुमचा नियम, बारापेक्षा जास्त भरायचे नाहीत आणि त्यातले निदान चार असे हवेत की आपण गेलो नाही तर कुणाचं तरी अडेल. नुसती आवड पहिल्या कंटाळ्याला गळते. वाट बघणारं कुणी असलं की पाय आपोआप निघतात. शिवाय सोलापूरचा उन्हाळा धरूनच आखायचं. मार्चपासून मृगापर्यंत अकरा ते पाच उन्हातलं काही ठेवायचं नाही, काम सकाळी सहा ते दहात बसवायचं.

आणखी एक, जे तुमच्याशिवाय आम्हाला कुणी सांगितलं नाही. घरातली दुपार आधीपासून कुणाची तरी असते. वीस-पंचवीस वर्षं ती घरातल्या बाईनं आपल्या पद्धतीनं लावलेली असते, आणि नोकरी सोडलेला माणूस बाराला चहा मागत तिथे येऊन बसतो. चौकोन भरण्याआधी तिला विचारायचं, आणि आठवड्यातल्या निदान चार दुपारी घराबाहेर राहायचं. वाचनालयात बसा, पण घरात नको. बरीच भांडणं पैशांवरून होत नाहीत, यावरून होतात.

पहिलं वर्षभर कुणाला शब्द द्यायचा नाही, हाही तुमचाच दंडक. मोकळा माणूस दिसला की त्याला पतसंस्थेच्या संचालकपदावर बसवायला लोक टपलेले असतात. त्या खुर्चीबरोबर सहकार कायद्याचं कलम ८८ येतं, हे तुम्ही प्रत्येकाला वाचून दाखवता. संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी संचालकावर निश्चित होऊन वसुली घरापर्यंत येऊ शकते. नवी सामाजिक संस्था काढायलाही तुम्ही रोखता. सात सभासद जमतात, पण पुढे दरवर्षीचं ऑडिट आणि विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज, यातच उत्साह संपतो. चालू असलेल्या कामाला जाऊन हात लावावा, हे आम्हाला पटलंय.

शेतीचं वेड तर आपल्याकडे प्रत्येकालाच. सातबाऱ्यावर आधीपासून नाव नसेल तर महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे अनेकांना इसार द्यायच्या वेळी कळतं. जमीन असली तरी तुम्ही सांगता, आधी कुणाच्या तरी डाळिंबाच्या बागेत एक बहार, म्हणजे फळाचा एक हंगाम, पूर्ण काढा. पाणी तोडून ताण, पानगळ, छाटणी, पहिलं पाणी, सेटिंग म्हणजे फळधारणा, आणि तिथून तोडणीपर्यंत जवळजवळ सहा महिने. तेल्या हा डाळिंबाचा रोग स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आधी पानावर पाणचट ठिपका, मग फळावर तेलकट काळा डाग, मग डागातूनच फळ तडकतं. पावसाच्या शिंतोड्यानं तो झाडावरून झाडावर जातो आणि न धुतलेल्या कात्रीनंही जातो. म्हणून प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी लागते. हे सहा महिने ज्याला आवडले त्यानं केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन पुढचं विचारावं. ज्याला नाही आवडले, त्याचे लाखो रुपये वाचले.

आणि ज्यांना शहरातच राहायचं होतं, त्यांना तुम्ही दोन कामं दाखवलीत. एक एनएमएमएस या सरकारी शिष्यवृत्तीच्या तयारीचा वर्ग. आठवीतल्या मुलांची परीक्षा, नव्वद-नव्वद प्रश्नांचे दोन पेपर. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार. यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या घरात ही रक्कम मुलगी शिकत राहणार की नाही हे ठरवते. आठवड्यातून दोनदा दीड तास, एका वेळी दहाच मुलं. पण तुम्ही बजावलंत तसं, काम निकालानंतर संपत नाही. शाळेच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग एक, आधारवर दुसरं. बँक खातं आधारला जोडलेलं नाही. नववीत पोर्टलवर अर्जच भरलेला नाही. पास झालेल्या मुलाचे पैसे इथे अडतात. दरवर्षीच्या नूतनीकरणाचंही तेच.

दुसरं काम विडी कामगार बायकांच्या हयातीच्या दाखल्याचं. आयुष्यभर पानं वळून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा मशीनवर उमटत नाही, आणि दाखला नाही म्हणून पेन्शन थांबते. चेहऱ्यावरून ओळख पटवून तो दाखला फोनवर निघतो, हे तुम्ही आम्हाला करून दाखवलंत. आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन ॲप, चष्मा काढलेला, उजेड समोरून, पाठीमागे खिडकी नको, पापण्या मिटून उघडायच्या. पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा, क्रमांक आणि खातं पासबुकावरून बघून टाकायचं, तोंडी विचारून नाही. सगळं बरोबर असलं तर पाच-दहा मिनिटांत होतं.

अण्णा, तुम्ही आम्हाला एका पैशाची फी लावली नाहीत आणि कुठलीही योजना विकली नाहीत. तुमच्यामुळे आमचे आठवडे कुणाच्या तरी उपयोगाचे झाले, त्याबद्दल मनापासून आभार. नोव्हेंबरात दाखल्यांची गर्दी होईल. अशोक चौकाच्या बाजूला सकाळचे दोन चौकोन अजून रिकामे आहेत. त्यात कुणाला घालायचं, तुमच्याकडे नव्यानं आलेल्यांपैकी कोण तयार आहे, तेवढं कळवा. फोन आणि चार्जर आम्ही आणतो.

आपले,
तुमच्या वहीवर चालणारे आम्ही सगळे